पारंजीची होळी

बाबर मूळचा फरगाना खोऱ्यातला. हिंदुस्थान जिंकल्यावरही तिथल्या खरबुजांच्या आठवणीने तो व्याकूळ व्हायचा. आपल्या आत्मचरित्रात त्याने त्या खोऱ्यातल्या एकेका गावाची ओळख करून दिली आहे. मर्गिलानबद्दल लिहिताना तो डाळिंबांची आणि जर्दाळूंची तारीफ करतो आणि जाता जाता सांगतो की ‘हिदाया’चा कर्ता याच परिसरातल्या एका खेड्यातला.

‘हिदाया’ हा बाराव्या शतकात बुर्हानुद्दीन मर्गिनानी यांनी लिहिलेला हनफी कायद्याचा ग्रंथ. मध्य आशियापासून हिंदुस्थानापर्यंतच्या काझींच्या तो हाताशी असायचा. चार्ल्स हॅमिल्टनने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १७९१ साली निघाला आणि मग इंग्रजांची इथली न्यायालयंही मुसलमानांचे खटले चालवताना त्याचा आधार घेऊ लागली. स्त्रीने शरीर किती झाकावं याविषयी मर्गिनानींचा नियम असा: जी गुलाम नाही अशा स्त्रीने सारं शरीर झाकावं, चेहरा आणि हाताचे पंजे सोडून.

१९२९ साली त्याच मर्गिलानमध्ये नूरखान नावाच्या सोळा वर्षांच्या नर्तकीला तिच्या सख्ख्या भावाने ठार मारलं. तिचा अपराध एवढाच की चेहरा उघडा ठेवून ती रंगमंचावर नाचली. त्या गावच्या सगळ्यात मोठ्या धर्मपंडिताने जो चेहरा सूट म्हणून सोडला होता, तो उघडला म्हणून सव्वासातशे वर्षांनंतर तिथल्याच मुलीचा जीव गेला. याचं कारण नुसत्या धर्मग्रंथांत सापडत नाही. त्यासाठी सोव्हिएत उझबेकिस्तानातली १९२७ ते १९२९ ही वर्षं पाहावी लागतात. कारण त्या काळात बाईच्या चेहऱ्यावरचं कापड हे दोन सत्तांच्या झगड्याचं निशाण झालं. त्या दोघींपैकी एकीनेही तिचं मत विचारण्याची तसदी घेतली नाही.

धर्माची बाजू आधी नीट पाहू. कुराणातल्या ‘नूर’ या सुरेत नजर खाली ठेवण्याची आज्ञा पहिल्यांदा पुरुषांना आहे, मग बायकांना. ‘अहजाब’ या सुरेत श्रद्धावान बायकांनी अंगावरची चादर स्वतःभोवती ओढून घ्यावी असं म्हटलं आहे, आणि पैगंबरांच्या पत्नींशी बोलायचं तर पडद्याआडून बोला असंही सांगितलं आहे. या आयतींमधून चेहरा झाकायलाच हवा असा अर्थ निघतो का, यावर पहिल्या शतकांपासून मतभेद आहेत. हजच्या यात्रेत इहराम बांधलेल्या बाईने तोंडावर नकाब घेऊ नये, असं हदीस सांगते. दुसरीकडे, काळ बिघडला आहे, चेहऱ्यावरून फितना, म्हणजे अनर्थ, माजू शकतो, तेव्हा तरुण बाईने तोही झाकलेला बरा, असं नंतरच्या अनेक हनफी पंडितांनी लिहून ठेवलं. हाही प्रामाणिक धर्मविचारच होता, आणि आजही असंख्य बायका इबादत म्हणूनच नकाब घेतात. पण धर्माच्या पोटात दोन्ही मतांना जागा होती, हे ध्यानात ठेवायला हवं.

मध्य आशियातल्या शहरांत जे वस्त्र रूढ झालं ते मात्र या चर्चेतून सरळ उतरलेलं नव्हतं. त्याचे दोन भाग. पारंजी म्हणजे डोक्यावरून घोट्यापर्यंत येणारा झगा. त्याला बाह्या असायच्या, पण हात घालण्यासाठी नव्हे. त्या अरुंद, खोट्या बाह्या पाठीमागे लोंबत सोडलेल्या आणि खाली एकमेकींना जोडलेल्या असत. गरिबाघरची पारंजी सुती, करड्या-निळ्या रंगाची, तर श्रीमंतांकडे रेशमी आणि मखमली. दुसरा भाग चाचवान: घोड्याच्या काळ्या केसांची विणलेली ताठ जाळी, जी कपाळापासून छातीच्याही खाली यायची. ती विणायच्या बहुधा ल्युली या भटक्या जमातीतल्या बायका. आतून रस्ता अंधूक दिसे, बाहेरून काहीच दिसत नसे. वयात येऊ लागलेल्या मुलीवर हे ओझं पडलं की ते मरेपर्यंत.

आणि हे सगळीकडे नव्हतंच. तंबूंत राहणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, मेंढ्या हाकणाऱ्या कझाक, किरगीझ आणि तुर्कमेन बायकाही मुसलमानच होत्या, पण त्यांना हा झगा परवडणारा नव्हता. पारंजी होती ती ताश्कंद, समरकंद, बुखारा, फरगाना इथल्या वस्ती करून राहिलेल्या उझबेक आणि ताजिक घरांत. इतिहासकार मारियन कॅम्प यांनी दाखवून दिलं आहे की पारंजी आणि चाचवान ही जोडी या रूपात सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकात. रशियन फौजांनी १८६५ साली ताश्कंद घेतलं. जुन्या गावाशेजारी नवं रशियन शहर उभं राहिलं, रस्त्यांवर परके शिपाई आणि दारूची दुकानं दिसू लागली. राज्य गेलं, बाजार गेला, मग जी एक गोष्ट अजून आपल्या ताब्यात आहे ती पुरुषांनी अधिक घट्ट धरली. जिंकल्या गेलेल्या समाजांत असं घडतं, आणि त्याची किंमत बायकांनी मोजायची असते.

तरीही आतून काही हलत होतं. जदीद म्हणवून घेणारे सुधारक नव्या पद्धतीच्या शाळा काढत होते, मुलींना शिकवा म्हणत होते. बुखाऱ्याच्या अब्दुररऊफ फित्रतने कुटुंबव्यवस्थेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पडद्याबाबत हे लोक सावध होते. पण व्होल्गाकाठचे तातार मुसलमान खूप पुढे गेले होते. एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे झार गेल्यावर आणि बोल्शेविक येण्याआधी, कझानला रशियातल्या मुस्लिम स्त्रियांची परिषद भरली. बायकांना समान राजकीय हक्क हवेत आणि तोंड झाकणं शरियतने बंधनकारक केलेलं नाही, असं त्या बायकांनी ठरावांत म्हटलं. त्याच वर्षी मुखलिसा बूबी या शिक्षिकेची काझी म्हणून निवड झाली. मुलींची शाळा चालवलेली एक मुसलमान बाई मुसलमानांच्या धार्मिक मंडळावर न्याय द्यायला बसते, ही १९१७ सालची गोष्ट आज किती जणांना माहीत आहे? मला तर या सगळ्या इतिहासातलं हेच पान सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि तेच सगळ्यात कमी वाचलं गेलं आहे.

बोल्शेविक सत्तेवर आले ते एका अडचणीसह. त्यांच्या पोथीप्रमाणे क्रांती कामगारवर्ग करतो, आणि तुर्कस्तानात, म्हणजे रशियाच्या ताब्यातल्या मध्य आशियात, कारखाने जवळजवळ नव्हतेच. कापूस पिकवणारे शेतकरी, कारागीर, व्यापारी आणि मुल्ला यांच्या या समाजात दबलेला वर्ग शोधायचा कुठे? तो घराघरात सापडला. ग्रेगरी मॅसेल या अभ्यासकाने पुढे म्हटलं की मध्य आशियात स्त्रियांनाच बदली कामगारवर्ग मानलं गेलं. बाई बंड करून उठली की घर मोडेल, घर मोडलं की कूळ मोडेल, आणि मुल्लाची पकड आपोआप सुटेल, असा तो हिशेब होता.

सुरुवात मात्र धीराने झाली. १९२१ साली मुलींचं लग्नाचं वय सोळा केलं, वधूमूल्य आणि बहुपत्नीत्व यांवर बंदी आणली. झेनोत्देल हा पक्षाचा महिला विभाग. त्याच्या कार्यकर्त्यांनी बायकांसाठी क्लब, दवाखाने, साक्षरता वर्ग, केवळ बायकांसाठीची सहकारी दुकानं उघडली. पुष्कळशा कार्यकर्त्या रशियन होत्या; वस्तीत शिरता यावं म्हणून त्यांतल्या काही जणी स्वतः पारंजी घालून जात. १९२४ मध्ये उझबेक प्रजासत्ताक निर्माण झालं, पुढच्या वर्षी ‘यांगी योल’ हे बायकांचं मासिक निघालं. त्याची पहिली संपादक सोबिरा खोल्दोरोवा ही तरुण उझबेक मुलगी होती. या क्लबांत आल्यावर बायका पारंजी काढून खुंटीला टांगायच्या, शिकायच्या, बोलायच्या आणि निघताना पुन्हा घालायच्या. काही उलेमाही चेहरा झाकणं फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक, नाही असं सांगू लागले होते. पक्षाला याचा आनंद व्हायला हवा होता. उलट धास्ती वाटली: सुधारणेचं श्रेय मुल्ला घेऊन गेले तर?

१९२६ च्या अखेरीस धीर संपला. पक्षाच्या मध्य आशिया ब्यूरोचा प्रमुख इसाक झेलेन्स्की आणि त्याचे सहकारी यांनी थेट मोहीम आखली. तिचं नाव ‘हुजूम’, म्हणजे हल्ला. मुहूर्त जागतिक महिला दिनाचा.

८ मार्च १९२७. त्या वर्षी रमजान सुरू होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नाही की आला तरी पर्वा केली नाही, कोण जाणे. ताश्कंदच्या जुन्या शहरात, समरकंदच्या रेगिस्तान चौकात, फरगानाच्या गावांत लाल बावटे लागले, बँड वाजू लागले, पोलीस आणि शिपाई कडेने उभे राहिले. रेगिस्तानच्या तीन बाजूंना तीन मदरसे, निळ्या फरशांच्या त्या प्रचंड कमानी. त्यांच्या देखत व्यासपीठ उभारलेलं. भाषणं झाली. मग एकेक बाई पुढे यायची, चाचवान डोक्यावरून मागे सारायची, पारंजी उतरवून ढिगावर टाकायची. ढीग वाढला की त्याला काडी लावली जायची. घोड्याच्या केसांच्या जाळ्या आणि सुती झगे भर चौकात जळत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या तोंडाने गर्दीसमोर उभ्या राहिलेल्या बायका ते बघत होत्या. त्यांतल्या काही जणी रडल्या, काहींनी घोषणा दिल्या. पुढच्या आठवड्यांत हे सोहळे गावोगाव झाले, आणि पडदा सोडलेल्या बायकांचे वाढते आकडे अहवालांतून मॉस्कोला जाऊ लागले.

ज्या बायका त्या दिवशी पुढे आल्या त्या सगळ्या ढकलून आणलेल्या होत्या, असं मात्र मी म्हणणार नाही. कॅम्प यांनी अनेक दशकांनंतर अशा म्हाताऱ्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या. लहानपणी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या, पळून आलेल्या, अनाथाश्रमात वाढलेल्या, शिकायची ओढ लागलेल्या मुली त्यांत होत्या. त्यांच्या लेखी तो दिवस खरोखरच सुटकेचा होता, आणि त्यांनी तो उभा जन्म अभिमानाने सांगितला. मॉस्कोचा हुकूम आणि या मुलींची इच्छा त्या दिवशी एका चौकात भेटली, एवढंच. घोटाळा झाला तो उरलेल्यांच्या बाबतीत.

कारण उरलेल्या फार होत्या. पक्षाने फर्मान काढलं की प्रत्येक कम्युनिस्टाने आधी स्वतःच्या बायकोची पारंजी काढावी. पुरुषांकडून तशा लेखी हमीपत्रांवर सह्या घेतल्या. सभेला बायकोला आणा, नाहीतर परिणाम भोगा, अशा धमक्या खेड्यांत दिल्या गेल्या. मग व्हायचं ते झालं. नवरा बायकोला सभेत घेऊन जायचा, टाळ्यांच्या गजरात पारंजी उतरायची, आणि घरी परतताना वाटेतच ती पुन्हा चढायची. एकच बाई दोनदोनदा उघडी होऊन आकड्यांत दोनदा भरायची. इतिहासकार डग्लस नॉर्थ्रप यांनी अभिलेखागारांतली कागदपत्रं पाहून दाखवलं आहे की पक्षाच्या स्थानिक सभासदांतलेच कितीतरी जण बाहेर भाषण ठोकत आणि घरात बायकोला कोंडून ठेवत. वसंतात उघडलेले चेहरे उन्हाळा संपेपर्यंत मोठ्या संख्येने पुन्हा जाळीआड गेले.

त्याच वर्षी सरकारने शरियत न्यायालयांचा गळा आवळला, वक्फच्या मिळकतींवर आणि धार्मिक शाळांवर हात टाकला. मशिदीवर घाव घालणारा आणि बाईची पारंजी ओढणारा हात एकच आहे, असं सामान्य माणसाला दिसलं. आधी पारंजी ही रीत होती. घरच्या प्रतिष्ठेची, शहरीपणाची खूण होती. आता ती दीनचं, म्हणजे धर्माचं, निशाण झाली, कारण शत्रूने तीच निवडली होती. तोंड झाकणं फर्ज नाही म्हणणारे उलेमा दोन्हीकडून मारले गेले: गावाने त्यांना सरकारचे हस्तक ठरवलं, सरकारने त्यांना छुपे शत्रू. धर्माच्या आत जी चर्चा चालली होती ती तिथेच संपली.

आणि मग खून सुरू झाले. आधी शिव्या, दगड, रस्त्यात घेरणं, बलात्कार. नंतर सुरे. मारेकरी दूरचे डाकू क्वचितच असत. नवरा, भाऊ, बाप, दीर, शेजारी हेच बहुतेक वेळा मारणारे होते. तुर्सुनोय सईदाझिमोवा ही मॉस्कोला जाऊन नाट्यशिक्षण घेऊन आलेली गायिका. १९२८ साली बुखाऱ्यात तिला तिच्या नवऱ्याने मारलं. नूरखान घर सोडून मुहिद्दीन कोरी याकूबोव यांच्या संगीत-नृत्य मंडळीत दाखल झाली होती. मंडळीचा मुक्काम मर्गिलानला आल्यावर ती घरच्यांना भेटायला गेली, आणि तिथेच भावाने तिला संपवलं. एवढं नाव मिळालं ते या दोघी कलावंत होत्या म्हणून. ज्यांची नावं कुठल्या नाटकात आली नाहीत अशा, १९२७ ते १९२९ या काळात मारल्या गेलेल्या बायकांची संख्या इतिहासकार दोन हजारांच्या घरात धरतात. पुरुषही सुटले नाहीत: मार्च १९२९ मध्ये शाहिमर्दान या तीर्थाच्या गावी कवी-नाटककार हमझा हकीमजादा नियाझी याला जमावाने ठेचून मारलं.

या हत्यांची जबाबदारी वाटून टाकता येणार नाही. सुरा चालवणारा हात चालवणाऱ्याचाच. सोव्हिएत सरकार जुलमी होतं म्हणून बहिणीला मारलं, ही सबब नाही; बापाच्या नि भावाच्या मालकीतून मुलगी सुटते आहे हे सहन झालं नाही, हेच मूळ कारण. पण सरकारकडेही बोट दाखवलंच पाहिजे. बाईला चौकात उभं करताना रात्री ती कुठल्या घरात परतणार आहे याचा विचार त्यांनी केला नव्हता. तिला ना वेगळी खोली होती, ना पगार, ना दाराशी पहारा. पडदा सोडलेल्या बाईचा खून हा पुढे प्रतिक्रांतीचा गुन्हा ठरवला, जाहीर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. उझबेक कार्यकर्त्या बायकांची मागणी वेगळीच होती. पारंजीवर सरळ कायद्याने बंदी घाला, असं त्या म्हणत होत्या, कारण मग नवऱ्याला, सासूला, मोहल्ल्याला सांगता येईल की हा माझा हट्ट नाही, कायदाच आहे. मॉस्कोने ते मानलं नाही. असा कायदा उझबेकिस्तानात शेवटपर्यंत झाला नाही. जी सत्ता लोकांच्या जमिनी, गुरं, मशिदी घेताना कचरली नाही ती इथे मात्र अडली, आणि सगळा धोका एकेकट्या बाईच्या माथी राहिला.

त्याच सुमारास शेजारी अफगाणिस्तानात अमानुल्लाह खान यांनी पडद्याविरुद्ध पाऊल उचललं, राणी सोरया उघड्या चेहऱ्याने वावरू लागली, आणि जानेवारी १९२९ मध्ये बंडाने त्यांचं सिंहासन गेलं. इराणात रझाशाहने जानेवारी १९३६ मध्ये हुकूम काढून पोलिसांकरवी चादरी उतरवल्या. कित्येक इराणी बायका त्यामुळे घराबाहेरच पडेनाशा झाल्या. त्याआधी, १९२३ मध्ये, इजिप्तच्या हुदा शारावी यांनी रोमच्या स्त्री-परिषदेहून परतल्यावर कैरोच्या स्टेशनात स्वतःच्या हाताने तोंडावरचा पडदा दूर केला होता. त्या घटनेमागे शिपाई नव्हता, आणि तिच्याविरुद्ध बंडही झालं नाही.

पारंजी शेवटी गेली ती हळूहळू. सामूहिक शेतं आली, कापसाची बोंडं वेचायला हजारो हात लागू लागले, आणि घोड्याच्या केसांच्या जाळीतून बोंड दिसत नाही. मुली शाळेत गेल्या, त्यांतून शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर झाल्या. महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. १९४३ मध्ये स्टालिनने ताश्कंदला अधिकृत मुफ्तीमंडळ स्थापू दिलं. पारंजी धर्माने सांगितलेली नाही, हे पुढे याच मंडळाच्या मुफ्तींनी मुसलमानांना समजावलं. म्हणजे १९२७ मध्ये उलेमांच्या तोंडून जे ऐकून घ्यायला पक्ष तयार नव्हता, तेच अखेर त्यांच्याकडून वदवून घ्यावं लागलं. साठच्या दशकापर्यंत पारंजी संग्रहालयांत आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर उरली.

हुजूम पुकारणाऱ्यांचं काय झालं? झेनोत्देल १९३० मध्ये बरखास्त झालं. स्त्रियांचा प्रश्न सुटला असं जाहीर करण्यात आलं. मार्च १९३८ मध्ये मॉस्कोच्या गाजलेल्या खटल्यात झेलेन्स्की आरोपीच्या पिंजऱ्यात होता, त्याच्यासोबत अकमल इक्रामोव आणि फैझुल्ला खोजायेव हे उझबेक नेतेही होते. तिघांनाही गोळ्या घातल्या. सोबिरा खोल्दोरोवाला १९३७ मध्ये अटक झाली आणि तिची पुढची वर्षं छावण्यांत गेली. काझी मुखलिसा बूबींनाही त्याच धरपकडीत गोळी घातली गेली. पडदा सोडा म्हणणारी कम्युनिस्ट संपादक आणि शरियतच्या आधारे बायकांचा हक्क मांडणारी काझी, दोघींना चिरडणारी राजवट एकच.

सोव्हिएत राज्य १९९१ मध्ये संपलं, पण बाईच्या डोक्यावरच्या कापडाकडे संशयाने बघण्याची सवय नव्या राज्यांनी वारशात घेतली. उझबेकिस्तानात करीमोव सरकारच्या १९९८ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धार्मिक पोशाखावर बंदी आली, आणि हिजाब घेणाऱ्या विद्यार्थिनी विद्यापीठांतून बाहेर काढल्या गेल्या. २०२१ च्या नव्या कायद्यात ती बंदी उठली. २०२३ मध्ये चेहरा ओळखू येणार नाही असं वस्त्र घालण्यासाठी दंड लागू झाला. २०२५ मध्ये किरगिझस्तानने आणि मग कझाकस्तानने चेहरा झाकण्यावर बंदी घातली. या देशांचे नेते आता नकाबला परकी रीत म्हणतात आणि बायकांना आपला राष्ट्रीय पोशाख घालायला सांगतात. ताश्कंदमध्ये १९२७ साली जळत होता तो, पिढ्यान् पिढ्या शिवला गेलेला, तिथलाच पोशाख होता.